आमच्या शाळांतील नाताळ आणि अन्यधर्मीय मुले

ज्युबिलीच्या स्मरणपुस्तिकेत देवालयाचा पाया कोणी घातला, घंटा केव्हा चढविली आणि कोणकोणते धर्मगुरू येथे सेवा करून गेले, हे सांगण्याची रीत आहे. तो वृत्तांत इतरांच्या हाती सोपवून आम्ही शाळेकडे वळतो, आणि शाळेतही एकाच प्रश्नाकडे. डिसेंबर महिना लागला की शाळेत ख्रिस्तजन्माचा गोठा मांडला जातो, गीतांची तालीम सुरू होते. ज्या मुलांच्या घरी हा सण नाही, अशी मुले आपल्या शाळांतून थोडीथोडकी नसतात. त्यांनी त्या वेळी काय करावे, व आपण त्यांच्याशी कसे वागावे?

डिसेंबर २०२३ मध्ये मध्यप्रदेशातील शाजापूर जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी असा हुकूम काढला की, पालकांची लेखी परवानगी घेतल्यावाचून शाळांनी कोणत्याही मुलास सांताक्लॉजचा वेष देऊ नये. ती वार्ता वाचून आपल्यांपैकी कित्येकांस राग आला असेल. आम्हांस मात्र त्यात एक फार जुना प्रश्न नव्या वेषात आलेला दिसला.

आपल्या नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनचे लोक डिसेंबर १८३१ मध्ये, म्हणजे ऐन नाताळाच्या तोंडावर, येऊन राहिले. परंतु ते ज्या न्यू इंग्लंड प्रांतातून आले होते तेथे त्या काळी नाताळाचे महत्त्व फारसे नव्हते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणारास पाच शिलिंग दंड ठेवणारा कायदा झाला होता. तो १६८१ साली रद्द झाला, आणि नाताळाची कायदेशीर सुट्टी तेथे मिळाली ती १८५६ साली! आम्ही कॅथॉलिक लोक मध्यरात्रीच्या मिस्सेवाचून ज्या दिवसाची कल्पनाही करू शकत नाही, तो दिवस दुसऱ्या ख्रिस्ती मंडळींस शतकानुशतके कामाचा वाटत असे. तेव्हा ख्रिस्ती शाळा म्हटली की अमुक प्रकारचा नाताळ आलाच, असे इतिहास म्हणत नाही.

त्याच मिशनच्या मिस सिंथिया फरार १८३९ साली नगरास आल्या व त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. १८४८ साली जोतीराव फुले यांनी ती शाळा पाहिली आणि पुण्यास परतल्यावर स्वतः मुलींची शाळा काढली. आपली मुलगी परधर्मी बाईच्या हाती सोपविणे ही त्या काळच्या पालकास सामान्य गोष्ट नव्हती. तो विश्वास किती नाजूक असे हे मुंबईने दाखविले. १८३९ साली डॉ. विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा मुलांनी शाळा सोडण्याची लाट उसळली. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचे प्रकरण न्यायालयात गेले आणि त्यास पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून ब्राह्मणवर्गातच मोठे वादंग माजले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्यास प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे अशी बाजू घेतली. पुढे १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने सरकारी अनुदानाचे तत्त्व घालून दिले. त्यात सरकार धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा करार होता.

पण या विषयाचा खरा धडा आम्हांस पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात सापडतो. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ते सुरू झाले व दुसऱ्या वर्षी पुण्यास आले. खर्च बोस्टन येथील रमाबाई असोसिएशन चालवीत असे, आणि कोणासही धर्मोपदेश करावयाचा नाही, प्रत्येक मुलीने आपला आचार पाळावा, अशी अट होती. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे पुरुष सल्लागार मंडळात होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली त्या उघड्या दारातून आत येऊन बसू लागल्या. एवढ्यावरून वर्तमानपत्रांत रान उठले, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले.

येथे अपराध कोणाचा? दार लावून घेऊन प्रार्थना करणे म्हणजे आपली श्रद्धा लपविणे, असे रमाबाईंस वाटे, आणि ते आम्हांस पटते. परंतु अनाथ, विधवा, परावलंबी मुलीस जिच्या घासावर ती जगते तिच्या खोलीचे उघडे दार हे निव्वळ दार राहत नाही, असे सल्लागारांस वाटले असेल, तर तेही आम्ही खोटे म्हणणार नाही. शाळेतील लहान मुलाची स्थिती काहीशी अशीच असते. मास्तर म्हणाले, "ज्यास यावयाचे त्याने यावे," तरी न येण्याचे धैर्य आठ वर्षांच्या मुलास कोठून असणार?

आपल्या कॅथॉलिक मिशनचा आरंभ नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. जर्मन जेज्विट फादर ओटो वाइसहाउप्ट यांनी राहुरी तालुक्यातील केंदळ येथे पाय रोवले. १९१४ च्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंवर संकट आले. नगर येथेच जर्मन नागरिकांस नजरकैदेत ठेवण्याची छावणी होती. असो.

देश स्वतंत्र झाला तेव्हा आपले एक धर्मगुरू, फादर जेरोम डिसूझा, घटना समितीत सभासद होते. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमात अशी तरतूद आहे की, सरकारमान्य वा अनुदानित शाळेत जाणाऱ्या कोणासही, स्वतःच्या किंवा तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षण घेण्यास वा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येणार नाही. हे कलम आपल्यावर लादलेले जोखड समजणारांनी ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयी काय जाहीर केले ते वाचावे. आणि हेच कलम आपल्याही मुलांचे रक्षण करते, हे विसरू नये. खेड्यातल्या शाळेत सरस्वतीपूजनाच्या वेळी आपले एकटेच ख्रिस्ती मूल ओळीत उभे असते, तेव्हा त्यास नारळ फोडण्यास पुढे बोलावू नये असे आपणांस वाटते ना?

मार्च २०२४ मध्ये भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेच्या शिक्षण विभागाने आपल्या शाळांस सूचना दिल्या. अन्यधर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, प्रातःकाळी राज्यघटनेची उद्देशिका म्हणावी, शक्य तेथे सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनागृह ठेवावे, असा त्यांचा आशय होता. काहींनी यास भित्रेपणा म्हटले. आम्ही म्हणत नाही. गोठा मांडावा, तारा टांगावा, येशुबाळाचे नाव मोकळ्या कंठाने घ्यावे. ते आपल्या घरचे आहे व पाहुण्यापासून लपविण्याजोगे नाही. मिस्सा व प्रार्थना मात्र शाळेच्या वेळेबाहेर, देवालयात असावी, म्हणजे जो येईल तो आपल्या आईबापांस सांगून येईल. नाटिकेत मेंढपाळ होऊ इच्छिणाऱ्या मुलाच्या घरी आधी निरोप धाडावा, आणि "नको" असे उत्तर आल्यास त्या मुलास रंगमंचाच्या मागे फुकट बसवून न ठेवता दिव्यांचे वा पडद्याचे काम द्यावे. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस १९४९ पासून सर्व धर्मांचे लोक लोटतात. त्यांस कोणी हाजरी घेऊन आणलेले नसते.

सणांच्या खाऊविषयीही थोडे लिहिणे अवश्य आहे. दिवाळी सुट्टीत येते, त्यामुळे शाळेस तिची अडचण नाही. मुसलमानांचा महिना मात्र चंद्रावर चालतो व दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरतो. १९९८, १९९९ व २००० या तीनही वर्षी नाताळ रमजानच्या महिन्यात आला होता, आणि २०३१ साली तो पुन्हा तसा येईल. त्या वर्षी केक वाटताना वर्गात रोजा धरलेली मुले असतील. त्यांचा वाटा कागदात बांधून सायंकाळी घरी नेण्यास द्यावा, आणि तो बांधण्याचे काम आपल्या मोठ्या मुलींनी आनंदाने करावे.