उलट वाहणारे पाणी

पाणी उताराकडे वाहते हा नियम आपण बाळपणीच शिकतो. परंतु बंद नळात शिरलेले पाणी नुसत्या उताराकडे पाहत नाही. जिकडे दाब कमी, तिकडे ते धाव घेते. या एका भेदापायी सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात मोठे अनर्थ घडले आहेत.

आपल्या जुन्या कुंडांवर गोमुख असे. त्यातून धार खाली पडे. धारेचे मुख व कुंडातील पाणी यांच्यामध्ये मोकळी हवा राही. कुंड कितीही गढूळ झाले तरी ते पाणी गोमुखात परत चढणे अशक्य. ही रचना मुद्दाम याच हेतूने केली होती, असे माझे म्हणणे नाही; परंतु तिचा गुण मात्र निःसंशय होता. पुढे १८६० साली विहार तलावाचे पाणी लोखंडी नळांतून मुंबई शहरात आले आणि नवे युग सुरू झाले. दाबाचे पाणी घरोघर पोचणे ही मोठीच सोय. पण घराघरातील हौद, मोऱ्या व संडास यांचा मुख्य नळाशी संबंध येऊ लागला, तोही याच वाटेने.

त्याचा परिणाम जगाने १९३३ साली शिकागोस पाहिला. तेथे जागतिक प्रदर्शन भरले असता दोन हॉटेलांतील पिण्याच्या नळांचा सांडपाण्याच्या नळांशी सदोष जोडांमुळे संबंध आला. आमांशाने सुमारे १,४०० माणसे आजारी पडली व ९८ दगावली.

आपल्या देशातील धडा दिल्लीचा. १९५५ च्या पुरानंतर यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे मैले पाणी उलटे सरकून वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोचले. त्या डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९,३०० लोकांस कावीळ झाली. क्लोरीनमुळे विषमज्वराची साथ उसळली नाही, परंतु काविळीचा विषाणू मात्र तग धरून राहिला. साठवलेल्या रक्तद्रवाच्या तपासणीवरून तो ‘हिपॅटायटिस ई’ होता, हे कित्येक वर्षांनी ठरले.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. दारव्ह्यासारख्या गावांत उन्हाळ्यात नळ रोज येत नाही, हे सांगावयास नको. पाणी बंद झाले की नळ रिकामा होतो, आत पोकळी निर्माण होते आणि फुटक्या जोडांतून भोवतालची घाण आत ओढली जाते. त्यातच कोणी नळालाच मोटार लावली, तर ही ओढ दुणावते. एकाची टाकी भरते आणि गटारातील पाणी शेजाऱ्याच्या हंड्यात जाते. हुबळी-धारवाड येथे काही प्रभागांत अखंड पुरवठा सुरू झाल्यावर संशोधकांनी तुलना केली. खंडित पुरवठ्याच्या नळांत विष्ठाजन्य जंतू कितीतरी अधिक वेळा आढळले. सातारा जिल्ह्यातील मलकापूरने अखंड पुरवठा करून दाखविला, म्हणजे ही गोष्ट लहान गावासही असाध्य नाही.

नगरपालिकांनी दाब कायम राखावा, गळके जोड बदलावेत, हे खरेच. पण तोवर गृहस्थानेही आपल्या दारी काही नियम पाळावेत. टाकीत पडणाऱ्या नळाचे तोंड टाकीच्या काठाहून वर असावे. नळाच्या व्यासाच्या दुप्पट, निदान एक इंच तरी अंतर हवे. नळाला जोडलेली रबरी नळी बादलीत बुडवून ठेवू नये. मोटार थेट नळाला न लावता खालच्या हौदातून पाणी चढवावे. घरात शिरणाऱ्या नळावर पाणी परतू न देणारी झडप बसवावी व ती अधूनमधून तपासावी. पुरवठा सुरू होताच येणारे पहिले गढूळ पाणी पिण्यास घेऊ नये, आणि शंका आल्यास पाणी उकळावे.

यांतील पहिला नियम म्हणजे गोमुखाचाच. त्याला खर्च बोटभर नळीचा. पण न पाळल्यास किंमत मोजतो तो बहुधा आपला शेजारी, आणि ती कोणामुळे मोजावी लागली हे त्याला कळतही नाही.