विमानातील नीरम



रिकामे गलबत समुद्रात फार डुलते. म्हणून त्याच्या तळाशी दगड वा वाळू भरण्याची चाल आपल्या किनाऱ्यावर जुनी आहे. त्या भाराला नीरम म्हणतात. विमानाच्या इतिहासातही नीरमाचे स्थान मोठे आहे. पराक्रमकथा रंगविणारे मात्र त्याचा उल्लेख क्वचितच करतात.

विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे अमेरिकेतील डेटन गावचे सायकलींचे कारागीर. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्र उडाले खरे. पण सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचे, तेही खालीवर हेलकावे खात. १९०४ साली हफमन प्रेअरीच्या कुरणात नव्या यंत्राचीही तीच गत झाली. बंधूंनी आधी एंजिन व चालकाची जागा मागे सरकविली. दोष वाढला. तेव्हा उलट वाट धरून त्यांनी यंत्राच्या पुढच्या टोकाशी सुमारे ७० पौंड लोखंड लादले. गुरुत्वमध्य पुढे आला, हेलकावे कमी झाले. ज्या यंत्राचे वजन घटविण्यासाठी जिवाचे रान केले, त्याच्यावरच निरुपयोगी दिसणारे लोखंड चढवायचे, हे मला पहिल्या उड्डाणाइतकेच धैर्याचे वाटते. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी सुधारलेल्या यंत्राने २४ मैलांची मजल मारली.

आजही हौशी मंडळी घरी विमान बांधतात. चाचणीत सहप्रवासी न्यायचा नसतो. त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या वा शिशाच्या छर्ऱ्यांच्या पिशव्या ठेवतात. चढताना पिशवी मागे घसरली, तर नाक वर जाते, वेग सरतो, पंखांचा आधार सुटतो. सुटलेला भार सुकाणूच्या तारांत अडकला, तर आणखीच वाईट. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बग्रामहून निघालेल्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात पट्ट्यांनी बांधलेली निदान एक चिलखती गाडी सुटून मागे गेली. तिने शेपटाचे आडवे पटल फिरविणारी यंत्रणाच मोडली. सातही जण मरण पावले. चौकशीत ठपका आला तो भार बांधण्याच्या सदोष पद्धतीवर.

आसनाचा पट्टा माणसाच्या देहासाठी असतो. त्याखालून पिशवी सहज निसटते. अर्धवट भरलेला पाण्याचा डबा तर आतल्या आत भार हलवीत राहतो. म्हणून जाणते कारागीर पिशव्या तोलून पेटीत गच्च बसवितात, पेटी विमानाच्या सांगाड्याला बोल्टांनी जखडतात, आणि उड्डाणापूर्वी सुकाणूचा दांडा चारही दिशांना शेवटपर्यंत फिरवून पाहतात.