मूर्तिनिषेध आणि कोंकणांतील एलिया

यहुदी धर्म मूर्तिनिषेधक, तेव्हां त्यांत चित्रकलेस वाव तो कसला, असें आमच्यांतले शिकलेले लोकहि निःशंकपणें बोलून जातात. आधार म्हणून दहा आज्ञांतील दुसऱ्या आज्ञेकडे बोट दाखविलें जातें. परंतु या आज्ञेचा रोख चित्र काढण्यावर नसून चित्रापुढें मस्तक नमविण्यावर आहे, असाच अर्थ कित्येक यहुदी समाजांनीं पूर्वापार घेतलेला दिसतो. १९३२ सालीं सीरियांतील दुरा-युरोपस येथें उत्खननांत एक यहुदी प्रार्थनामंदिर उघडकीस आलें. इसवी सन २४४-४५ च्या सुमारास त्याच्या भिंती चित्रांनीं भरून काढलेल्या आहेत. नाईल नदींतून उचललेला तान्हा मोशे, एस्तेर राणी, कार्मेल पर्वतावरील एलियाचा यज्ञ, असे मनुष्याकृतींनीं गजबजलेले प्रसंग तेथें आहेत, आणि ते कोणा आडवळणाच्या खोलींत नसून ऐन उपासनेच्या दालनांत आहेत. एवढ्या पुराव्यानंतर वरील समजूत आमच्या क्रमिक पुस्तकांनीं सोडून द्यावयास हरकत नव्हती.

या प्रश्नाचा विचार करण्यास सीरियापर्यंत जाण्याचेंहि कारण नाहीं. ठाणें-बेलापूर रस्त्यावरील पावणे गांव आज कारखान्यांच्या वस्तींत हरवल्यासारखें झालें आहे. तेथून उत्तरेस ठाण्यास गेल्यास १८७९ सालचें आणि दक्षिणेस पनवेलीस गेल्यास १८४९ सालचें, अशीं बेने इस्रायलांचीं दोन प्रार्थनामंदिरें भेटतात. या लोकांची घरची भाषा मराठी. दिवेकर, केहिमकर, तळकर हीं त्यांचीं आडनांवें कोंकणांतील गांवांवरून पडलेलीं. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या आणि त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालवून शनिवारीं तो बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. मुंबईंत १७९६ सालीं सॅम्युएल दिवेकर यांनीं त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. त्यास हे लोक मशीद म्हणत, आणि मस्जिद स्थानकाचें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात.

या समाजाचे जुने सण पाहिले म्हणजे चित्रकारास लागणारी सामग्री कोठून येते तें कळतें. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं १८९७ मध्यें लिहिलेला आणि १९३७ मध्यें छापून निघालेला इतिहास या बाबतींत अमोल आहे. वल्हांडणास हे लोक अणशी धाकाचा सण म्हणत. आंबट कालवणाचें भांडें त्या दिवसांत झांकून ठेवावयाचें म्हणून हें नांव. तिश्री महिन्याच्या चतुर्थीस खिरीचा सण. ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली, तरी भांडें झांकलें गेलें आणि खीर शिजली. धर्म येथें पोथींत न राहतां स्वयंपाकघरांत राहिला, आणि स्वयंपाकघर हें मुळांतच डोळ्यांना दिसणारें जग आहे. नवसाच्या मलिद्याचेंच पाहा. पोहे, नारळ, साखर, फळें व फुलें यांनीं भरलेलें तें ताट म्हणजे रंगसंगतीचा एक पाठच होय. हें ताट एलिया हनबीच्या नांवानें मांडतात. अलिबागनजीक खंडाळा येथें हा संदेष्टा प्रकटला आणि त्याच्या रथाची व घोड्याची खूण खडकावर राहिली, अशी श्रद्धा आहे. आणि अग्निरथांतून स्वर्गारोहण करणाऱ्या एलियाची छापील तसबीर बेने इस्रायलांच्या घरोघर भिंतीवर आढळते. तिची पूजा होत नाहीं, हें लक्षांत ठेवावें. दुरा येथील चित्रकारास ती पाहून मुळींच आश्चर्य वाटलें नसतें.

१८७४ सालीं पुण्यांत वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची हग्गादा शिळाछापावर निघाली. हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर शेजारीं शेजारीं. त्यांतील बेखमीर भाकरीच्या चित्रांत स्त्रिया साड्या नेसून जमिनीवर बसल्या आहेत. मिसर देशांतून सुटलेल्या लोकांच्या कथेंत पुण्याचें माजघर आलें, आणि कोणास कांहीं खटकलें नाहीं! यांत योजून केलेली कलाकुसर नाहीं. चित्र काढणारास दुसऱ्या रीतीनें बसणाऱ्या बायका ठाऊकच नसाव्यात. माझ्या मतें हेंच त्या चित्राचें बळ आहे.

याच पुण्यांत १८८० सालीं बेने इस्रायल कुटुंबांत सॅम्युएल रहमीन यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतून ते लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेंत गेले, पुढें अतिया फैजी यांच्याशीं विवाह करतांना मुसलमान झाले, आणि पाश्चात्य पद्धतीचीं व्यक्तिचित्रें सोडून राजपूत शैलीकडे वळले. दिल्लीच्या सचिवालयांतील भित्तिचित्रें त्यांचींच. रागिणी तोडी त्यांस चित्रयोग्य वाटली, मलिद्याचें ताट मात्र वाटलें नाहीं. यांत त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. ज्या काळीं भारतीयत्व म्हणजे अजिंठा किंवा राजस्थान असें ठरून गेलें होतें, त्या काळीं रेवदंड्याच्या घाण्याकडे कोण पाहणार?

तें काम सिओना बेंजामिन यांनीं केलें. १९६० सालीं मुंबईंत जन्मलेल्या, जे. जे. मध्यें शिकलेल्या आणि अमेरिकेंतील न्यू जर्सींत स्थायिक झालेल्या या चित्रकर्त्रीनें लघुचित्रांची रीत व सोन्याचा वर्ख घेऊन सारा, हागार, लिलिथ या यहुदी परंपरेंतील स्त्रिया रंगविल्या; आणि त्यांचा वर्ण निळा ठेवला. तो वर्ण आपणांस कृष्णाची आठवण देतो, तर यहुदी वाचकास प्रार्थनेच्या शालीच्या कडेंतील प्राचीन निळ्या दोऱ्याची. कित्येक चित्रांत खुणांची इतकी दाटी होते, कीं चित्र पाहण्याऐवजीं कोशासारखें वाचावें लागतें. हा दोष मला जाणवतो. मार्क शागाल यांनीं १९६२ मध्यें यरुशलेमच्या हदस्सा रुग्णालयासाठीं बारा वंशांच्या बारा काचखिडक्या केल्या, त्यांत मनुष्याकृति टाळून केवळ पशु, पक्षी व रंग यांवर काम भागविलें. तो संयम येथें नाहीं. पण शागाल यांच्यामागें यहुदी चित्रकारांची एक अख्खी पिढी उभी होती. या बाईंच्या मागें एक शिळाछापाची पोथी आणि भिंतीवरची तसबीर.

२०१०-११ मध्यें फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या परत आल्या आणि येथील बेने इस्रायलांचीं छायाचित्रें घेऊन त्यांवरून त्यांनीं चित्रमालिका केली. १९४८ नंतर बहुतेक समाज इस्रायलांत गेला. आतां देशांत सगळे मिळून सुमारें पांच हजार यहुदी उरले असून, सामुदायिक प्रार्थनेस लागणारे दहा प्रौढ पुरुष कोंकणांतील कित्येक मंदिरांत सणाखेरीज जमत नाहींत. गेलेल्यांच्या लोद आणि दिमोना येथील घरांत मात्र रथारूढ एलियाची तीच तसबीर टांगलेली असते, आणि तिच्यापुढें अजूनहि पोह्यांचाच मलिदा मांडतात.