तीन फायलींचा खटला

युनिक्स ही संगणकाचा कारभार पाहणारी प्रणाली १९६९ साली अमेरिकेत, एटी अँड टीच्या बेल प्रयोगशाळेत जन्मली. विद्यापीठांना ती अल्प शुल्कात मिळे. बर्कली विद्यापीठाने तिच्यात इतकी भर घातली, की १९९१ मध्ये मुक्तपणे वाटता येईल अशी जवळजवळ पूर्ण प्रणाली तयार झाली. १९९२ मध्ये एटी अँड टीच्या उपकंपनीने मालकीचा दावा लावला. आता सर्व्हरसाठी ती निवडायची कोणी? उद्या न्यायालयाने बंदी घातली तर? १९९४ साली तडजोड झाली. सुमारे १८,००० फायलींपैकी काढाव्या लागल्या फक्त तीन! तोवर हेलसिंकीतील लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली लिनक्स पुढे निघाली होती. माझ्या मते बर्कलीची प्रणाली तेव्हा अधिक मुरलेली होती. पण लिनक्सचा गाभा नव्याने लिहिलेला, त्यामुळे तिच्यावर हा दावा नव्हता.