प्रकाश आणि अपुऱ्या दिवसांचें मूल

प्रकाश हा जीवमात्राचा मित्र, असें आपण सहज धरून चालतों. परंतु अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या अर्भकाशीं त्याचें नातें काय, हा प्रश्न इतका सोपा ठरला नाहीं. त्याचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

१९५६ सालीं इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत, रॉचफर्डच्या इस्पितळांत, जीन वॉर्ड ही परिचारिका अशा मुलांचा कक्ष सांभाळीत असे. हवा चांगली असली कीं ती मुलांना अंगणांत उन्हांत नेई. एकदां कावीळ झालेल्या एका अर्भकाचें अंग निवळलेलें दिसलें. मात्र चादरीच्या कोपऱ्याखालीं झांकलेला एक त्रिकोण तसाच पिवळाधमक राहिला होता. पुढें रक्ताची एक नळी खिडकीपाशीं उन्हांत राहून गेली, तों तींतील बिलिरुबिन हें पिवळें द्रव्य अपेक्षेहून फार कमी भरलें. डॉ. क्रेमर व त्यांचे सहकारी यांनीं हे दोन धागे जुळविले, कृत्रिम प्रकाशाचें उपकरण सिद्ध केलें, आणि १९५८ सालीं 'लॅन्सेट'मध्यें आपला अनुभव प्रसिद्ध केला. हें द्रव्य मेंदूंत शिरल्यास मूल जन्माचें अपंग होतें, प्रसंगीं दगावतें. निळा प्रकाश त्याच्या रेणूची घडण पालटतो, व मग अपक्व यकृतावांचूनहि शरीर तें बाहेर टाकूं शकतें.

दुसरी बाजू संशयाची आहे. १९४२ सालीं बोस्टनच्या डॉ. टेरी यांनीं अशा मुलांस येणाऱ्या अंधत्वाचें वर्णन केलें. पुढें मुख्य दोषी अतिरिक्त प्राणवायु ठरला. तरी कक्षांतील प्रखर दिव्यांवरील आरोप पुसला गेला नाहीं. अखेर अमेरिकेंत सुमारें ४०० मुलांपैकीं एका गटाच्या डोळ्यांवर प्रकाश अडविणारे चष्मे चढवून पाहण्यांत आलें. १९९८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : चष्म्यांनीं रोग टळला नाहीं.

म्हणून दिवे अहोरात्र जळत ठेवावे असें मात्र नव्हे. १९८६ सालच्या एका ब्रिटिश प्रयोगांत रात्रीं उजेड व गलबला कमी केलेल्या कक्षांतील मुलें घरीं गेल्यावर अधिक झोंपलीं व वजनानेंहि अधिक वाढलीं.

आजहि निळ्या प्रकाशाखालीं मूल निजवितांना त्याचे डोळे झांकतात. उपकार घ्यावा, पण सावधपणें, हाच त्या पट्टीचा अर्थ होय. आणि आमच्या मतें याहून मोठा बोध असा कीं, चादरीच्या कोपऱ्याखालचा त्रिकोण पाहणारी दृष्टि आणि रूढ संशय पारखून घेण्याचें धैर्य, या दोहोंवांचून वैद्यकाचें पाऊल पुढें पडत नाहीं.