स्त्रियांचे राजकीय प्रतिनिधित्व व आरक्षण

विधिमंडळे, स्थानिक स्वराज्य संस्था आणि तत्सम लोकनियुक्त सभा यांत स्त्रियांना त्यांच्या संख्येस साजेल असे स्थान मिळावे, या हेतूने निरनिराळ्या राष्ट्रांनी संविधान, निवडणूक कायदा अथवा पक्षघटना यांच्याद्वारे ज्या तरतुदी केल्या, त्यांचा विचार या विषयात केला जातो. या तरतुदींचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात : काही जागा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवणे, राजकीय पक्षांनी अमुक प्रमाणात स्त्रियांना उमेदवारी दिलीच पाहिजे, असे कायद्याने बंधन घालणे, आणि कायद्याच्या सक्तीवाचून पक्षांनी आपण होऊन तसा नियम स्वीकारणे. तिन्ही प्रकारांत टक्केवारीचा आकडा प्रथम डोळ्यांत भरतो; परंतु त्या आकड्यास फळ कितपत यावे, हे राखलेली जागा कोणती, उमेदवाराचे नाव ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती, आणि निवडून आलेल्या स्त्रीला पदावरून दूर करणे अथवा तिच्या नावाने दुसऱ्यानेच कारभार हाकणे किती सुकर, या आकड्यामागच्या बारीकसारीक कलमांवर अवलंबून राहते, असे या विषयाच्या इतिहासावरून दिसून येते.

मताधिकार : प्रतिनिधित्वाच्या आधी मताधिकाराचा प्रश्न होता. केट शेपर्ड यांच्या पुढाकाराने झालेल्या चळवळीनंतर न्यूझीलंडने १८९३ मध्ये स्त्रियांना मताधिकार बहाल केला. मात्र संसदेची निवडणूक लढविण्याचा हक्क त्यांना १९१९ मध्ये मिळाला आणि पहिली स्त्री प्रत्यक्ष निवडून येण्यास १९३३ साल उजाडले. फिनलंडने १९०६ मध्ये दोन्ही हक्क एकदमच दिल्यामुळे १९०७ च्या निवडणुकीत तेथील २०० सभासदांच्या संसदेत १९ स्त्रिया निवडून आल्या. ब्रिटनने १९१८ मध्ये तीस वर्षांवरील व विशिष्ट मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांनाच मत दिले व पुरुषांच्या बरोबरीचा मताधिकार १९२८ पर्यंत लांबविला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९२० मध्ये एकोणिसावी घटनादुरुस्ती संमत झाली. आणि समतेचा उद्घोष करून राज्यक्रांती घडविणाऱ्या फ्रान्समध्ये मात्र त्यासाठी १९४४ चा वटहुकूम निघावा लागला.

स्वित्झर्लंडचे उदाहरण या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. तेथे घटनादुरुस्ती सार्वमताने होत असल्यामुळे स्त्रियांना मत द्यावे की नाही, याचा निर्णय केवळ पुरुषांच्या मतांवर होता. १९५९ मध्ये त्यांनी तो प्रस्ताव फेटाळला व १९७१ मध्ये स्वीकारला. तथापि आपेनझेल इनररोडन या चिमुकल्या कँटनने आपल्या अंतर्गत कारभारात पूर्वीचीच वहिवाट चालू ठेवली. तेथे एप्रिलच्या अखेरच्या रविवारी गावच्या चौकात नागरिकांची खुली सभा भरते व हात वर करून मते नोंदविली जातात. पुरुष वाडवडिलांपासून चालत आलेली तलवार कमरेस लावून येतात आणि ती तलवार हाच त्यांच्या मताधिकाराचा दाखला मानला जातो. एप्रिल १९९० मधील सभेनेही स्त्रियांच्या विरुद्ध कौल दिला, तेव्हा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला आणि १९९१ च्या सभेस स्त्रिया प्रथमच मतदार म्हणून उपस्थित राहिल्या. बहुमताने नाकारलेला हक्क न्यायालयाच्या हुकमाने द्यावा लागला, हे या घटनेचे वैशिष्ट्य होय.

उत्तर यूरोपातील पक्षनियम : नॉर्वे, स्वीडन व आइसलंड या देशांत संसदेसाठी आरक्षणाचा कायदा नाही, तेथील वाढ घडून आली ती पक्षांच्या नियमांतून आणि त्या पक्षांवर स्त्रियांच्या संघटनांनी आणलेल्या दडपणातून. २४ ऑक्टोबर १९७५ या दिवशी आइसलंडमधील सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी नोकरी, घरकाम व मुलांची देखभाल यांपासून एक दिवस हात आखडता घेतला, तेव्हा देशाचे सारे व्यवहार ठप्प झाले. त्यानंतर पाचच वर्षांनी व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर यांची तेथील अध्यक्षपदी निवड झाली. नॉर्वेत मजूर पक्षाने १९८३ मध्ये उमेदवारीत चाळीस टक्क्यांचा नियम स्वीकारला आणि ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या १९८६ च्या मंत्रिमंडळात १८ पैकी ८ मंत्री स्त्रिया होत्या. स्वीडनच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने १९९४ च्या निवडणुकीसाठी आपल्या यादीत एक पुरुष व एक स्त्री अशी आळीपाळीने नावे घालण्याची रीत घातली. तिला तेथे मिळालेले लौकिक नाव नृत्यसमारंभातील ‘एकाआड एक पाळी स्त्रियांची’ या शिरस्त्यावरून आलेले आहे. या देशांत मतदार व्यक्तीपेक्षा पक्षाच्या यादीस मत देतो. त्यामुळे यादीतील क्रम बदलला, की सभागृहाचे स्वरूपही बदलते.

लॅटिन अमेरिका : कायद्याने उमेदवारीचे प्रमाण ठरवून देणारा पहिला महत्त्वाचा प्रयोग अर्जेंटिनाने १९९१ मध्ये केला. पक्षाच्या यादीत किमान तीस टक्के स्त्रिया असाव्यात व त्यांची नावे निवडून येण्याजोग्या क्रमांकावर असावीत, अशी त्या कायद्याची दुहेरी अट होती. प्रारंभी अनेक पक्षांनी स्त्रियांची नावे यादीच्या शेपटाकडे ढकलून पहिली अट पाळली व दुसरीस बगल दिली. परंतु स्त्रियांनी न्यायालयांत दाद मागितली, क्रमवारीचे नियम अधिक काटेकोर झाले, आणि त्या दशकाच्या अखेरीस कनिष्ठ सभागृहात स्त्रियांचे प्रमाण एक-चतुर्थांशाच्या पुढे गेले. शेजारच्या ब्राझीलने १९९७ मध्ये तीस टक्क्यांचाच कायदा केला. पण तेथे यादी खुली असून मते व्यक्तीस पडतात, आणि पैसा व प्रचारयंत्रणा पक्षाच्या धुरीणांच्या मुठीत असते, म्हणून केवळ संख्या भरण्यापुरती स्त्रियांची नावे दाखल करण्याचा प्रघात पडला व २०१४ च्या निवडणुकीतही ५१३ जागांपैकी केवळ ५१ जागी स्त्रिया निवडून आल्या. आकडा एकच असून फळे इतकी भिन्न यावीत, याचे कारण निवडणूक पद्धतीत शोधावे लागते.

पळवाट शोधण्याची बुद्धी व ती बुजविण्याची दक्षता यांचा सामना मेक्सिकोत स्पष्टपणे पाहावयास मिळतो. तेथे प्रत्येक उमेदवाराबरोबर एक पर्यायी उमेदवारही निवडला जातो. २००९ च्या निवडणुकीनंतर नव्याने निवडून आलेल्या कित्येक स्त्री सभासदांनी शपथविधीनंतर अल्पावकाशातच दीर्घ रजेचे अर्ज दिले आणि त्यांच्या रिकाम्या आसनांवर त्यांचे पर्यायी पुरुष उमेदवार, कोठे पती तर कोठे आप्त, येऊन बसले. या प्रकाराची देशभर छीथू झाली. निवडणूक न्यायाधिकरणाने २०११ मध्ये असा निर्णय दिला, की स्त्रीचा पर्यायी उमेदवार स्त्रीच असली पाहिजे. आणि या एका वाक्याने तो मार्ग बंद झाला. २०१४ मध्ये उमेदवारीतील समप्रमाणाचे तत्त्व संविधानात अंतर्भूत झाले, २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहात निम्म्या स्त्रिया आल्या आणि २०२४ मध्ये क्लाउदिया शेनबाउम राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या. बोलिव्हियात प्रश्नाने अधिक भीषण रूप धारण केले. दहशत घालून राजीनामे लिहून घेण्याचे प्रकार तेथील नगरसेविकांच्या वाट्यास येत असत. त्यांच्यापैकी हुआना किस्पे यांचा खून झाल्यानंतर २०१२ मध्ये स्त्रियांवरील राजकीय छळ व हिंसा यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करण्यात आला.

फ्रान्स : नागरिक हा अविभाज्य असून त्याची लिंगभेदाने वर्गवारी करता येत नाही, या प्रजासत्ताकवादी तत्त्वाच्या आधारे तेथील संविधान परिषदेने १९८२ मध्ये नगरपालिकांसाठी केलेली प्रमाणाची तरतूद रद्दबातल ठरविली. तेव्हा पुरस्कर्त्यांनी आरक्षणाची भाषा टाकून समप्रमाणाची भाषा स्वीकारली : मानवजात मुळातच स्त्री व पुरुष अशी द्विविध असल्याने निम्मी सभा स्त्रियांची असणे ही सवलत नसून प्रतिनिधित्वाची स्वाभाविक स्थिती होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९९९ मध्ये घटनादुरुस्ती व २००० मध्ये समप्रमाणाचा कायदा झाला. राष्ट्रीय सभेच्या एकसदस्य मतदारसंघांत मात्र नियमभंगाबद्दल पक्षाच्या सरकारी अनुदानात कपात एवढीच शिक्षा होती. मोठ्या पक्षांना ती परवडली, आणि २००२ मध्ये ५७७ पैकी केवळ ७१ स्त्रिया निवडून आल्या. याउलट २०१५ पासून जिल्हा परिषदांसाठी प्रत्येक मतदारसंघातून एक स्त्री व एक पुरुष अशी जोडीच उभी करण्याची सक्ती झाल्याने तेथे निम्म्या जागा आपोआपच स्त्रियांकडे गेल्या.

राखीव जागा : रवांडात १९९४ च्या वंशसंहारानंतर झालेल्या २००३ च्या संविधानाने निर्णय घेणाऱ्या सर्व संस्थांत स्त्रियांना किमान तीस टक्के स्थान दिले व कनिष्ठ सभागृहाच्या ८० पैकी २४ जागा स्त्रियांसाठी राखल्या. २००८ मध्ये तेथे ४५ स्त्रिया निवडून आल्या आणि स्त्रियांचे बहुमत असलेले ते जगातील पहिले संसदीय सभागृह ठरले. परंतु विरोधी पक्षांस फारसा वाव नसलेल्या राज्यव्यवस्थेत सभागृहातील संख्येने सत्तेचे किती वाटप होते, हा आक्षेपही अभ्यासकांनी घेतला आहे. पाकिस्तानात २००२ पासून राष्ट्रीय सभेत ६० व बांगला देशात २०११ पासून संसदेत ५० राखीव जागांची तरतूद झाली. या जागा पक्षांच्या बलाबलाप्रमाणे वाटल्या जात असल्याने त्यांवरील स्त्रियांना स्वतःचा मतदारसंघ नसतो व त्यांचे उत्तरदायित्व मतदारांपेक्षा पक्षश्रेष्ठींशी राहते. नेपाळमध्ये प्रमुख व उपप्रमुख यांपैकी एका पदावर स्त्री उमेदवार देण्याच्या नियमामुळे २०१७ च्या स्थानिक निवडणुकांत बहुतेक ठिकाणी उपप्रमुखपदच स्त्रियांच्या वाट्यास आले. अफगाणिस्तानात २००४ च्या संविधानाने दिलेल्या ६८ जागा २०२१ मध्ये संविधानासह लयास गेल्या.

भारत : मद्रास व मुंबई या इलाख्यांनी १९२१ मध्ये मालमत्तेच्या अटीवर स्त्रियांना मताधिकार दिला, मुंबई इलाख्यातील या मागणीच्या पुरस्कर्त्यांत रमाबाई रानडे होत्या. राखीव जागांस मात्र त्या काळच्या स्त्री-नेत्यांचा विरोध होता. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी सरोजिनी नायडू व बेगम शाहनवाज यांनी विशेष सवलतींवाचून समान मताधिकाराची मागणी केली आणि संविधान सभेत डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी स्त्रियांनी राखीव जागा कधीच मागितल्या नसून त्यांना हवा आहे तो सामाजिक, आर्थिक व राजकीय न्याय, असे प्रतिपादन केले. सवलतीचा ठसा न लागता गुणवत्तेवर पुढे येण्याचा तो आत्मविश्वास पुढील पाव शतकाच्या अनुभवाने ढळला. स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने १९७४ च्या अहवालात विधिमंडळांतील आरक्षण बहुमताने नाकारले खरे, परंतु भिन्नमत नोंदविणाऱ्या सदस्याही त्यात होत्या.

गावपातळीवर आरंभ आधी झाला. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये सुचविल्याप्रमाणे पंचायतींवर एकदोन स्त्रियांना स्वीकृत करून घेण्याची पद्धत पडली होती. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनापासून स्त्रियांचा प्रश्न ऐरणीवर आणला. जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे १९८९ मध्ये सर्व स्त्रियांची पंचायत निवडून आली, आणि लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांनी जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे सातबाऱ्यावर चढविला. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक संस्थांत तीस टक्के जागा राखल्या व जून १९९४ मध्ये स्वतंत्र महिला धोरण जाहीर केले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तींनी देशभर एक-तृतीयांश आरक्षण लागू केले. २००६ मध्ये बिहारने व २०११ मध्ये महाराष्ट्राने ते निम्म्यावर नेले. संसदेसाठी मात्र १९९६ मध्ये मांडलेले विधेयक वारंवार बारगळले. इतर मागासवर्गीय स्त्रियांसाठी त्यात पोटआरक्षण असावे, या मागणीवरून वाद विकोपास गेला व १९९८ मध्ये विधेयकाची प्रत लोकसभेत हिसकावून फाडण्यात आली. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाली; तिची अंमलबजावणी नंतरच्या जनगणनेवर व मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर सोपविण्यात आली. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या.

मूल्यमापन : पश्चिम बंगाल व राजस्थान येथील पंचायतींच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्तेर ड्युफ्लो यांना असे आढळले, की सरपंचपद राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाला, पाणी भरणारीच्या हाती कारभार गेला, की पाण्याचा क्रम वर चढतो, हे त्यातून सिद्ध झाले. दुसऱ्या बाजूस, सभेला पत्नी, सहीला पत्नी आणि निर्णयाला पती, असा ‘सरपंचपती’ नावाचा एक बिनसनदी अधिकारीही याच व्यवस्थेत उदयास आला. त्याचप्रमाणे स्त्री-सरपंचावर अविश्वासाचा ठराव आणणे हे तिला वठणीवर आणण्याचे साधन होऊ लागल्याने, स्त्रीसाठी राखीव पदाबाबत अशा ठरावास तीन-चतुर्थांश बहुमताची अट महाराष्ट्राच्या कायद्यात घालण्यात आली.

फिरत्या आरक्षणाचा एक परिणाम यांहून सूक्ष्म आहे. तहसील कचेरीत किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी आरक्षणाची सोडत निघते. एखाद्या शाळकरी मुलाच्या हातून भांड्यातील चिठ्ठी काढली जाते, आणि मागील मुदतीत स्त्रीसाठी राखीव असलेला प्रभाग या वेळी ‘खुला’ झाल्याचे पुकारले जाते. पाच वर्षे तेथे काम केलेल्या सभासद बाई पुन्हा उमेदवारी मागावयास गेल्या, तर जागा आता खुली झाली आहे, असे उत्तर त्यांना सहजपणे दिले जाते. खुली म्हणजे स्त्री व पुरुष दोघांनाही मोकळी, असा कायद्याचा अर्थ आहे. खुली म्हणजे पुरुषाची, असा व्यवहाराचा अर्थ आहे, आणि हा दुसरा अर्थ कोणत्याही कलमात लिहिलेला नसल्यामुळे तो रद्द करणारी दुरुस्तीही सुचविता येत नाही.