गोदामांच्या पट्ट्यात नोकरीची वाट

ठाण्यातील बाळकुम ओलांडून खाडीपुलावरून भिवंडीकडे निघाले, की प्रथम लागते ते कशेळी. कशेळीसह काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, माणकोली या गावांचा परिसर आज देशातील मोठ्या गोदाम केंद्रांपैकी एक मानला जातो. मुंबईची जकात चुकविण्यासाठी व्यापाऱ्यांनी महापालिका हद्दीबाहेर माल साठविण्यास सुरुवात केली आणि स्वस्त जमिनीमुळे हा व्यवसाय येथे रुजला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात संपली. तरीही गोदामे गेली नाहीत. प्रत्येक राज्यात स्वतंत्र साठा ठेवण्याची गरज कमी झाल्याने कंपन्यांनी मोठ्या गोदामांकडे मोर्चा वळविला. ऑनलाइन खरेदीने त्यात भर घातली.

रोजगार असा दाराशी आला असला, तरी तो कोणत्या प्रकारचा, हा प्रश्न उरतोच. शाळा अर्धवट सुटलेला यंत्रमाग कामगाराचा मुलगा किंवा तालुक्यातील आदिवासी पाड्यावरील तरुण गोदामात पोहोचतो, तो बहुधा मालाच्या चढ-उतारासाठी. बारकोड वाचणे, साठ्याच्या नोंदी ठेवणे, फोर्कलिफ्ट चालविणे, संगणकावर मागणीनुसार माल वेचणे या कामांना प्रशिक्षण लागते. ते देण्यासाठी कंपन्या आणि स्वयंसेवी संस्था यांच्या भागीदारीचा मार्ग गेल्या दोन-अडीच दशकांत पुढे आला आहे.

कायद्याची चौकट

अशा उपक्रमांना मोठे आर्थिक बळ मिळाले ते कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे. १ एप्रिल २०१४ पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार ५०० कोटी रुपये निव्वळ मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. रोजगारक्षम कौशल्यांचे प्रशिक्षण हे मान्य कार्यांच्या यादीत आहे. कंपनीचा व्यवहार जेथे चालतो, त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो.

२०२१ मध्ये नियम अधिक स्पष्ट झाले. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च किंवा कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम यात धरता येत नाही. निधी घेणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. ज्या कंपन्यांचे असे दायित्व सरासरी १० कोटी रुपये वा अधिक आहे, त्यांना १ कोटी वा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे त्रयस्थ संस्थेकडून परिणाम मूल्यमापन करून घेणे बंधनकारक आहे.

राज्यातील अनुभव

महाराष्ट्रात हे काम कायद्याच्या आधीपासून चालू आहे. बाळासाहेब खेर यांनी १९२८ मध्ये स्थापन केलेल्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशनने १९९८ मध्ये शाळा सुटलेल्या मुलांसाठी ‘युवा परिवर्तन’ हा उपक्रम सुरू केला. १९९५ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ‘प्रथम’ ही संस्था प्राथमिक शिक्षणाकडून पुढे व्यवसाय प्रशिक्षणाकडे वळली. हॉटेल व्यवसायासाठी तिने ताज समूहाचे सहकार्य घेतले. खेळातून मुलांपर्यंत पोहोचलेल्या ‘मॅजिक बस’ने नंतर तरुणांच्या उपजीविकेचे कार्यक्रम हाती घेतले. पुण्यात महापालिका, कंपन्या आणि सामाजिक संस्था यांच्या सहकार्यातून ‘लाइटहाउस’ केंद्रे उभी राहिली. तेथे थेट व्यवसाय शिकविण्याआधी तरुणाचा कल आणि आत्मविश्वास यांवर काम केले जाते.

या भागीदारीत कामाची विभागणी साधारणतः ठरलेली असते. संस्था वस्त्यांमध्ये जाऊन तरुण शोधते, पालकांची समजूत घालते आणि प्रशिक्षण देते. कंपनी निधी, यंत्रसामग्री व प्रशिक्षक पुरवते आणि काही वेळा नोकरीही देते.

कोठे अडते?

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे आणि नोकरी मिळाली म्हणजे ती टिकली असेही नव्हे. किती जणांना प्रशिक्षण दिले हा आकडा मोजायला सोपा असल्याने अहवालात तोच ठळक दिसतो. सहा महिन्यांनी किती जण कामावर आहेत, हे पाहण्यास पाठपुरावा लागतो. ग्रामीण तरुणांसाठी २०१४ मध्ये घोषित झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत म्हणूनच किमान ७० टक्के प्रशिक्षितांना नोकरी देण्याची अट घातली गेली. प्रशिक्षणापूर्वीच मालकांकडून जागांची निश्चिती करून घेणारे उपक्रम या बाबतीत उजवे ठरतात.

गोदामांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. माल एका कंपनीचा, गोदाम दुसऱ्याचे, व्यवस्थापन तिसऱ्याकडे आणि मनुष्यबळ कंत्राटदाराचे, अशी साखळी सर्रास आढळते. निधी देणारी कंपनी आणि पगार देणारा मालक वेगळे असल्यास प्रशिक्षणात दिलेला शब्द पाळायचा कोणी, हे करारातच लिहिलेले असावे लागते. चढ-उताराच्या कामासाठी राज्यात १९६९ चा माथाडी कायदा आहे. या कामगारांची नोंदणी, मजुरी आणि कल्याण यांची व्यवस्था माथाडी मंडळांमार्फत होते. प्रशिक्षणात या हक्कांची माहितीही द्यायला हवी.

मुलींपुढील अडचणी वेगळ्या आहेत. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते. सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहनाची सोय ही मालकाची जबाबदारी असते. आडबाजूच्या गोदामांत वाहनाची ही सोय नसेल, तर प्रशिक्षण कितीही चांगले असले तरी घरची मंडळी मुलीला पाठवत नाहीत.

शिकाऊ उमेदवारीचा पर्याय

कमी चर्चेत असलेला मार्ग म्हणजे शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या कायद्याखालील सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना त्यांच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात आणि मनुष्यबळात कंत्राटी कामगारही मोजले जातात. २०१६ च्या राष्ट्रीय योजनेनुसार विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल दीड हजार रुपये दरमहा, केंद्र सरकार देते. काम करत शिकता येत असल्याने घरी कमाईची निकड असलेल्या मुलांना हा मार्ग अधिक सोयीचा ठरू शकतो.

प्रवेशापूर्वी काय विचारावे?

* प्रशिक्षणासाठी शुल्क किंवा अनामत रक्कम घेतली जाते काय?
* प्रमाणपत्र कोणाचे आणि कोणत्या कामासाठी?
* मागील तुकडीतील किती जण सहा महिन्यांनंतरही नोकरीत आहेत?
* नेमणूकपत्र कोण देणार, कंपनी की कंत्राटदार?
* भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा लागू आहे काय?
* पहिला पगार हाती येईपर्यंत प्रवासखर्चाची सोय आहे काय?

कशेळीच्या गोदामांत काम करणारे हात लागणारच आहेत. त्या हातांना नेमणूकपत्र आणि बढतीची संधी मिळते की नाही, यावरच या भागीदारीचे यश मोजले पाहिजे.